खटला परत आला, पण आक्कांना कुणी सांगितलं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक बातमी होती. खानापूर तालुक्यातल्या एका खून खटल्यातला निर्दोष सुटकेचा निकाल हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाने रद्द केला आणि खटला फेरविचारासाठी बेळगावच्या सत्र न्यायालयाकडे परत पाठवला, एवढीच. त्या चार ओळींवरून आमच्या भागात दोन तट पडले आहेत. एक म्हणतात, हायकोर्टानं त्याला दोषी ठरवलं. दुसरे म्हणतात, हायकोर्टानं हात झटकले, आता यात काही राहिलं नाही. दोन्ही बोलणी खोटी आहेत आणि दोन्हींमुळे माणसं दुखावली जात आहेत. आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे की अशी बातमी देताना खटला कोणत्या मुद्द्यावर परत पाठवला आणि खालच्या कोर्टाने आता नेमकं काय करायचं आहे, हे दोन वाक्यांत तरी लिहावं. बाजारात तंटे व्हायचे थांबतील.

मी या खटल्यात पंच साक्षीदार आहे. खटला न्यायप्रविष्ट असल्यामुळे गावाचं नाव, आरोपीचं नाव, गेलेल्या मुलाचं नाव, मी ज्या वस्तूचा पंच होतो ती वस्तू, यातलं काहीच लिहीत नाही. दोषी कोण, हे ठरवणं माझं काम नाही आणि वाचकांनीही या पत्रावरून ते ठरवू नये. माझं म्हणणं वेगळं आहे. हायकोर्टातून खटला परत येतो तेव्हा तो काही माणसांच्या घरात परत येतो. त्यांना ते वेळेवर, त्यांना समजेल अशा भाषेत सांगणारं कुणीच नाही. ती व्यवस्था झाली पाहिजे, आणि ती व्हायला नवा कायदा करण्याचीही फारशी गरज नाही.

माझी नंदगड रस्त्याला पिठाची गिरणी आहे. पोलिसांना पंच हवे असतात तेव्हा ज्याचं दुकान उघडं आहे आणि ज्याला गाव ओळखतं अशा माणसाला ते बोलावतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये लिहिलं आहे की झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हजर हवेत, आणि कारण नसताना नकार देणं हा गुन्हा आहे. (पुढेही नुसतं कलम म्हटलं आहे तिथे ते याच संहितेचं.) लोकांना वाटतं पंच म्हणजे पोलिसांचा माणूस. तसं नाही. पंच दोन्ही बाजूंचा नसतो, म्हणूनच त्याला बोलावतात. त्याने डोळ्यांनी जे बघितलं तेवढंच कोर्टात सांगायचं असतं. मी गेलो, बघितलं, सही केली. वस्तू कापडात गुंडाळली, दोरा बांधला, लाखेचं सील केलं, चिठ्ठीवर आम्हा दोघा पंचांच्या सह्या घेतल्या. पुढे कोर्टात ते पुडकं माझ्यासमोर उघडून, "ही सही तुमची का, वस्तू हीच का" असं मला विचारलं जाणार, हे तेव्हाच मला सांगितलं होतं.

ते कधी झालंच नाही. माझी साक्ष निघाली त्या दिवशी मुद्देमाल कोर्टात आलेला नव्हता. का आला नव्हता ते मला ठाऊक नाही. मला तोंडी विचारलं, मी तोंडी सांगितलं, आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणी घेतली आणि मी खाली उतरलो. त्या वकिलांबद्दल माझी काही तक्रार नाही. वस्तू दाखवलीच नाही तर ओळखली कशी, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांनी त्यांचं काम केलं. दुसऱ्या कुणीतरी आपलं काम केलं नाही.

त्याहून मोठी गोष्ट शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची. त्यांची बदली झाली होती. समन्स जायचं आणि परत यायचं. पत्ता बदलला, रजेवर आहेत, निवडणुकीचं काम आहे, असे शेरे यायचे. शेवटी डॉक्टरांशिवायच सरकारी पक्षाचा पुरावा संपला असं नोंदलं गेलं. खुनाचा खटला, आणि माणूस कशाने मेला हे सांगणारा माणूस कोर्टात उभाच राहिला नाही. निकाल लागला, आरोपी निर्दोष सुटला.

गेलेल्या मुलाच्या आईला आम्ही सगळे आक्का म्हणतो. भाताच्या लावणीला, भांगलणीला जाणारी, हंगाम संपला की काजूच्या कामाला जाणारी बाई. आक्कांनी अपील केलं. हे अपील त्या करू शकल्या त्यामागे दोन गोष्टी आहेत, त्या वाचकांना ठाऊक असाव्यात म्हणून लिहितो. पहिली, ३१ डिसेंबर २००९ पासून कलम ३७२ ला जोडलेली तरतूद. त्याआधी आरोपी सुटला तर पोलीस खटल्यात वर जायचं की नाही हे सरकारच्या मर्जीवर असायचं. या तरतुदीने तो हक्क पीडिताला आणि त्याच्या वारसांना मिळाला. त्यासाठी हायकोर्टाची आगाऊ परवानगी लागते का, यावर बरीच वर्षं वाद होता. तो मिटला १२ ऑक्टोबर २०१८ ला, मल्लिकार्जुन कोडगली विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात. परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. ते प्रकरण आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं. त्या माणसाने चालवलेल्या लढ्यामुळे खानापूरच्या एका आईला दार उघडं मिळालं.

दुसरी गोष्ट धारवाड. जुलै २००८ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाला हायकोर्ट म्हणजे बेंगळूर. पाचशे किलोमीटर. धारवाडला आधी फिरतं खंडपीठ आलं, मग ऑगस्ट २०१३ मध्ये ते कायम झालं. आमच्याकडून लोंढा, अळणावर करत रेल्वेने धारवाडला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. उत्तर कर्नाटकातल्या वकिलांनी आणि लोकांनी त्या खंडपीठासाठी केलेली आंदोलनं मला आठवतात. तेव्हा आमच्यातल्या काहींना ते आपलं काम वाटलं नव्हतं, कारण मागणी कन्नड भागातून जास्त होती. आज त्याचा फायदा कन्नड बोलणाऱ्याला जेवढा, तेवढाच मराठी बोलणाऱ्याला होतो, आणि हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. आक्कांना वकील विधी सेवा समितीतून मिळाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेही आमच्या गावांत दहातल्या दोघींना ठाऊक असेल तर खूप.

हायकोर्टाचा आदेश इंग्रजीत आहे. माझी पुतणी बेळगावात कायद्याचं शिकते, तिने तो मोबाईलवर उघडून मला वाक्यावाक्याने सांगितला. त्यात आरोपी दोषी आहे असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट, आम्ही पुराव्याच्या गुणदोषांवर मत देत नाही आणि खालच्या कोर्टाने आमच्या निरीक्षणांचा परिणाम होऊ न देता निकाल द्यावा, असं स्पष्ट लिहिलं आहे. मग खटला परत का पाठवला? तर कलम ३११ चा दुसरा भाग. न्याय्य निकालासाठी एखाद्या साक्षीदाराची साक्ष आवश्यक आहे असं दिसलं तर त्याला बोलावणं हे कोर्टावर बंधनकारक आहे. सरकारी वकिलाने आणलं नाही म्हणून कोर्टाने गप्प बसायचं नाही. डॉक्टरांची साक्ष घ्या, पंचांना परत बोलावून मुद्देमाल दाखवा, त्यावर आरोपीला कलम ३१३ खाली प्रश्न विचारून त्याचं म्हणणं नोंदवा, त्याला बचावाचा पुरावा द्यायचा असेल तर देऊ द्या आणि मग नव्याने निकाल द्या. आधी झालेल्या बाकीच्या साक्षी तशाच राहतील. एवढाच तो आदेश.

म्हणजे सगळा खटला पहिल्यापासून नाही. हा फरक लोकांना समजत नाही आणि इथेच अफवा उठतात. दळण जाडं निघालं म्हणून गिऱ्हाईक परत आणतं तेव्हा मी तेच पीठ पुन्हा घालतो, नवे दाणे निवडायला बसवत नाही. पहिल्यापासून पुन्हा खटला चालवणं हा फार जड उपाय आहे आणि न्यायालयांनाही तो जड वाटतो. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून ठेवलं आहे की फेरखटला अपवाद म्हणून, फार गंभीर दोष राहिला असेल तरच. सरकारी पक्षाला राहिलेली भोकं बुजवायची संधी म्हणून नव्हे. कधी कधी हायकोर्ट अपील स्वतःकडेच ठेवून कलम ३९१ प्रमाणे फक्त राहिलेला पुरावा खालच्या कोर्टाकडून नोंदवून मागवतं. आणि अपील नसून पुनरीक्षण अर्ज असेल, तर कलम ४०१ प्रमाणे हायकोर्टाला सुटलेल्या आरोपीला थेट दोषी ठरवताच येत नाही, फार तर खटला परत पाठवता येतो. म्हणून "परत पाठवला" एवढ्या दोन शब्दांवरून कुणाच्या घरी पेढे वाटू नयेत आणि कुणाच्या दारात दगडही मारू नयेत.

दगड मारल्याचं मी उगाच लिहीत नाही. आरोपीच्या घरावर बातमी आली त्या रात्री दगड पडले. त्याची म्हातारी आई आणि शाळेत जाणारी भाची घरात होत्या. तो पोरगा हिंडलग्याच्या जेलमध्ये राहून, सुटून, गोव्यात हॉटेलात कामाला लागला होता. आता त्याला परत यावं लागेल, जामीनदार शोधावे लागतील, काम सुटेल. त्याने केलं असेल तर शिक्षा व्हावी. केलं नसेल तर त्याचं नाव एकदाचं स्वच्छ व्हावं, आणि तेही डॉक्टरांची साक्ष होऊन, कुणाला पुन्हा बोट ठेवता येणार नाही अशा निकालाने. अर्धवट पुराव्यावर मिळालेली सुटका त्यालाही गावात मान वर करून चालू देत नव्हती, हे मी रोज बघत होतो.

खटला परत गेला म्हणजे आरोपीचं वाईटच होतं, असंही नाही. १९९७ साली दिल्लीत बसमध्ये झालेल्या स्फोटाच्या खटल्यात एका आरोपीला फाशी झाली होती. त्याला वकीलच नव्हता आणि बहुतेक साक्षीदारांची उलटतपासणी झालेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो खटला पुन्हा चालवायला सांगितला आणि २०१३ मध्ये तो माणूस स्फोटाच्या आरोपातून सुटला. उलट बाजूचं उदाहरण बडोद्याच्या बेस्ट बेकरीचं. २००३ मध्ये २१ जण सुटले, कारण साक्षीदार उलटले होते. एप्रिल २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला महाराष्ट्रात पुन्हा चालवायला लावला आणि २००६ मध्ये मुंबईच्या कोर्टाने नऊ जणांना दोषी धरलं. पुढे हायकोर्टाने त्यातल्याही पाच जणांना सोडलं. साक्षीदार हे न्यायाचे डोळे आणि कान आहेत, असं त्या २००४ च्या निकालात म्हटलं आहे. मला ते वाचून बरं वाटलं, कारण साक्षीदाराला बसायला बाकही न मिळणाऱ्या वऱ्हांड्यात मी उभा राहिलो आहे.

आता मुख्य गोष्ट. आदेश झाला, संकेतस्थळावर चढला, महिना गेला. आक्कांना तो कुणी सांगितला नाही. आपल्या पेपरातली बातमी शेजारच्या मुलाने वाचून दाखवली तेव्हा त्यांना कळलं की आपलं अपील ऐकलं गेलं आहे. त्यांनी मला विचारलं, "भाऊ, म्हणजे आपण जिंकलो का हरलो?" ज्या बाईने अपील केलं तिला हा प्रश्न गिरणीवाल्याला विचारावा लागतो. कळवणं कुणाचं काम होतं, या वादात मी पडत नाही. एका कचेरीत विचारलं तर दुसरीकडे बोट दाखवलं, दुसरीकडे गेलो तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर बघा म्हणाले. ॲपवर सोळा अंक-अक्षरांचा क्रमांक घालावा लागतो आणि जे येतं ते इंग्रजीत. आक्कांचा फोन बटणांचा आहे.

कायद्यात बघा. कलम ३६३ प्रमाणे शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत ताबडतोब आणि फुकट मिळते. आरोपीने मागितल्यास शक्य असेल तर त्याच्या भाषेतला अनुवाद, नाहीतर कोर्टाच्या भाषेतला, देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. योग्यच आहे, त्याचं स्वातंत्र्य जाणार असतं. जुन्या संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम ४०४ मध्ये आली. पण पीडिताच्या आईला प्रत हवी असेल तर तिने अर्ज करायचा, फी भरायची. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवण्याची जबाबदारी नव्या संहितेने पोलिसांवर टाकली आहे. चांगलं पाऊल आहे. पण तपासानंतर जी खरी लांब वाट आहे, निकाल, अपील, खटला परत, पुन्हा तारखा, तिथे पीडिताला आपणहून कळवण्याचं बंधन मला कुठे दिसलं नाही. लखीमपूर खेरीच्या जामीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये जामीन रद्द करून प्रकरण अलाहाबाद हायकोर्टाकडे पुन्हा विचारासाठी पाठवलं, तेव्हा सांगितलं की गुन्ह्यातल्या पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. तारीखच ठाऊक नसेल तर म्हणणं मांडायचं कसं?

भाषेचा विषय मी मुद्दाम थोडक्यात लिहितो, कारण तो निघाला की आपल्याकडे बाकीचं सगळं मागे पडतं. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचं काय व्हायचं ते तिथे होईल. इथे मला कुणाशी भांडायचं नाही. या जिल्ह्यात कोर्टाची भाषा कन्नड आहे आणि मला कन्नड बोलता येतं, वाचायला वेळ लागतो. आक्कांना बोलताही अडखळायला होतं. साक्षीदाराची साक्ष नोंदल्यावर ती त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायची, हे कलम २७८ मध्ये आहे. माझ्या वेळी न्यायाधीशांनी स्वतः दोन प्रश्न मराठीत विचारून खात्री करून घेतली, हे मी कृतज्ञतेने सांगतो. म्हणजे माणसाची इच्छा असेल तर अडत नाही. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून आपले निवडक निकाल मराठी, कन्नडसह भारतीय भाषांत उपलब्ध करून देतं. तसंच खटला परत पाठवण्याच्या आदेशाचा अर्धं पान सारांश, कन्नडमध्ये आणि मागितल्यास मराठीत, फिर्यादीला, पीडिताच्या घरच्यांना आणि परत बोलावलेल्या साक्षीदारांना समन्ससोबत दिला तर कितीसा कागद लागेल? निपाणी, चिकोडी, खानापूर, बेळगाव या चारही ठिकाणी दोन्ही भाषा लिहिता येणारे कारकून आणि वकील हवे तेवढे आहेत.

मला समन्स आलं त्यात फक्त हजर राहण्याची तारीख होती. का बोलावलं, काय विचारणार, काही नाही. पुतणीने आदेश वाचला नसता तर मी घाबरलोच असतो की माझ्या आधीच्या साक्षीत काही खोटं निघालं की काय. दुसऱ्या साक्षीदारांच्या बायका माझ्या बायकोला हेच विचारत आहेत, "आता आमच्या मालकांना आत घालतील का?" या भीतीतूनच माणसं कोर्टात "आठवत नाही" म्हणतात. साक्षीदार उलटतो तो दर वेळी पैसे घेऊनच उलटतो, असं समजू नका.

आणि आठवण हा प्रश्नही खराच आहे. माझ्याबरोबरचे दुसरे पंच वारले. त्यांची पहिली साक्ष झालेली होती आणि उलटतपासणीही झाली होती, त्यामुळे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे ती वाचता येते. पण पुडक्यावरची सही दाखवून "ही तुमची का" हे विचारायला आता ते नाहीत. उरलो मी. पंचनामा मी तेव्हा वाचून सही केलेला कागद आहे, तो बघून आठवण ताजी करण्याची मुभा कायद्यात आहे. ती मुभा साक्षीच्या दिवशी घाईघाईत न देता थोडं आधी बसवून द्यावी. मुद्देमाल जागेवर आहे का, सील शाबूत आहे का, हेसुद्धा कुणी तारखेच्या आधी तपासावं. आरोपी सुटला की अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल नष्ट करावा, असा आदेश निकालातच असतो. अपील झालेलं असताना तो नीट जपला गेला ना, ही धाकधूक मला रात्री झोपू देत नाही. तो नसेल तर हायकोर्टाने एवढं केलेलं वाया जाईल.

डॉक्टरांसाठी मला एवढंच सांगायचं आहे की त्यांना या वयात दुसऱ्या जिल्ह्यातून बेळगावला यायला लावू नका, पण त्यांची साक्ष घ्याच. सर्वोच्च न्यायालयाने प्रफुल्ल देसाई प्रकरणात २००३ मध्येच व्हिडिओ कॉन्फरन्सवरून साक्ष घ्यायला मान्यता दिली. त्याला वीस वर्षं उलटून गेली. कोरोनात सगळ्या कोर्टांनी ते करून दाखवलं. ते जिथे असतील तिथल्या जिल्हा कोर्टात जाऊन कॅमेऱ्यासमोर बसायचं आहे. नव्या संहितेच्या कलम ३३६ मध्ये तर बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या अधिकाऱ्याच्या जागी जो आहे त्याने अहवालाबाबत साक्ष द्यावी अशी सोय केली आहे. आमचा खटला नवी संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ च्या आधीचा, तो जुन्या संहितेने चालेल. तरी व्हिडिओची वाट मोकळी आहे. डॉक्टर आले नाहीत म्हणून पुन्हा एकदा पुरावा बंद होता कामा नये.

न्यायाधीश बदलले आहेत. त्यात गैर काही नाही, आधीच्या न्यायाधीशांनी नोंदलेल्या साक्षींवर नव्यांनी पुढे जायचं, हे कलम ३२६ मध्येच आहे. पण त्यांच्यापुढे हा खटला शेकडो फायलींतली एक जुनी फाईल म्हणून येणार. हायकोर्टाने सहा महिन्यांत निकाल द्या असं लिहिलं आहे. त्यातला काही काळ कागद धारवाडहून बेळगावला यायलाच गेला. साक्ष सुरू झाली की रोजच्या रोज चालवावी, असं कलम ३०९ सांगतं. निदान परत आलेल्या खटल्यांत तरी ते पाळावं. डॉक्टरांची आणि माझी, अशा दोन साक्षी राहिल्या आहेत. मनावर घेतलं तर एका आठवड्यात होतील.

खर्चाचंही लिहितो, कारण मोठ्या माणसांना ते क्षुल्लक वाटतं. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे आक्का सरकारी बसने बेळगावला फुकट जातात. त्या योजनेवर कुणी काहीही बोलो, तारखेला न चुकता हजर राहणाऱ्या आक्का मी त्यानंतरच पाहिल्या. पुरुष साक्षीदाराला तिकीट आहे आणि बुडालेली मजुरी आहे. फौजदारी खटल्यात साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं, कलम ३१२. तो भत्ता मागायचा असतो हेच कुणाला ठाऊक नसतं. मागितला तर फॉर्म संपलेले असतात. त्याच दिवशी, त्याच ठिकाणी तो हातात मिळाला तर दुसऱ्या तारखेला माणूस आपणहून येईल.

खानापुरात तालुका विधी सेवा समिती आहे, तिच्याकडे विधी स्वयंसेवक असतात. बेळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला माझी विनंती आहे की धारवाडहून परत आलेल्या प्रत्येक फौजदारी खटल्याच्या मागे एक असा स्वयंसेवक द्यावा. त्याने पीडिताच्या घरी आणि आरोपीच्या घरीही जावं, आदेशात काय आहे ते सांगावं, पुढची तारीख कागदावर लिहून द्यावी. आमच्या खटल्याची पुढची तारीख गणपतीनंतरची आहे. त्याआधी कुणी आक्कांकडे गेलं तर बरं होईल. त्या लावणीच्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर घरी असतात.

आपला,
एक पंच साक्षीदार, ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. खटला सुरू असल्याने कृपया छापू नये.)